निवेदनाची पोच आणि निवेदनाचे उत्तर

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की नागपूरला राज्यभरातून निवेदने येऊन पोहोचतात. यशवंत स्टेडियमजवळून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी किंवा झिरो माइलच्या आसपास पोलीस ते अडवतात, मग चार-पाच जणांच्या शिष्टमंडळाला पोलिसांच्याच गाडीतून विधानभवनात नेले जाते. मंत्रिमहोदय निवेदन घेतात, कोपऱ्यावर एक शेरा मारतात, कागद स्वीय सहायकाच्या हातात जातो, छायाचित्र निघते आणि शिष्टमंडळ बाहेर येऊन रस्त्यावर बसलेल्या आपल्या माणसांना सांगते की साहेबांनी सकारात्मक प्रतिसाद दिला. रात्रीच्या गाडीने माणसे गावी परततात. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरावे असे ठरले, त्यामागे विदर्भातल्या माणसाला आपले म्हणणे सरकारच्या कानावर घालण्यासाठी मुंबई गाठावी लागू नये हा विचार होता. म्हणणे कानावर घालण्याची सोय त्यामुळे झाली, पण ते ऐकून काय ठरवले हे सांगण्याची व्यवस्था मात्र आपण आजवर उभी केलेली नाही, आणि माझ्या मते आपल्या लोकशाहीतली ही उणीव आपण समजतो त्याहून फार गंभीर आहे.

त्या कोपऱ्यावरच्या शेऱ्याचे पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. ‘तपासून नियमानुसार कार्यवाही करावी’ असे लिहिलेला कागद मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, तिथून आयुक्तांकडे किंवा संचालकांकडे, तिथून खालच्या कार्यालयाकडे, आणि बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध तक्रार असते त्याच टेबलावर अभिप्रायासाठी येऊन थांबतो. नागरिकाजवळ उरते ती आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्यातील विलंबास प्रतिबंध यासाठी राज्याने 2005 साली केलेल्या कायद्यात कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, कर्मचाऱ्याकडे साधारणतः सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये असे म्हटले आहे, म्हणजे कारकुनाला मुदत घालून दिलेली आहे. निवडून आलेल्या प्रतिनिधीला मात्र निवेदनाचे उत्तर देण्याची कसलीही मुदत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याच्या हातात निर्णय आहे त्या लोकप्रतिनिधीने निवेदनाला होकार, नकार आणि त्यामागचे कारण लेखी आणि सभागृहाच्या दप्तरात नोंदवून दिले पाहिजे. तसे उत्तर देता येईल असे निवेदन लिहिण्याची जबाबदारी आपली, नागरिकांची आहे.

कर, आरोग्य आणि शाळा हे तीन विषय मी मुद्दाम एकत्र घेत आहे, कारण आपण ते नेहमी वेगवेगळे मागतो. मालमत्ता कराच्या देयकावर हरकत घेणारे एक शिष्टमंडळ झोन कार्यालयात जाते, मोहल्ल्यातल्या दवाखान्यात डॉक्टर हवा म्हणणारे दुसरे शिष्टमंडळ आमदारांकडे जाते, आणि शाळेत शिक्षक नाहीत म्हणून पालक शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात उभे असतात. एकाच वस्तीतली ही माणसे, अनेकदा एकाच घरातली, पण एकमेकांच्या मागण्यांचा हिशेब एकत्र मांडत नाहीत. वास्तविक या तिन्ही गोष्टी एकाच खात्यात येऊन मिळतात.

घरी आलेले मालमत्ता कराचे देयक एकदा ओळीओळीने वाचावे. वर मालमत्तेचे करयोग्य मूल्य, त्याखाली सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्ष कर अशा ओळी, आणि त्यांच्याबरोबरीने राज्य शासनाचा शिक्षण कर. दुकान किंवा कार्यालय असेल तर त्यात रोजगार हमी कराचीही भर. हे शेवटचे दोन कर 1962 च्या राज्याच्या कायद्यानुसार महापालिका फक्त वसूल करते, पैसा जातो राज्याकडे. म्हणजे नागपूरच्या घरमालकाने ‘शिक्षण’ या नावाखाली भरलेली ती रक्कम आपल्या प्रभागातल्या मनपा शाळेच्या गळक्या छतासाठी आहे असे समजून त्याचा जाब नगरसेवकाला विचारला, तर नगरसेवक हात वर करणार, आणि त्या ओळीपुरते त्याचे बरोबरच असणार. तो प्रश्न आमदाराला विचारायचा आहे. हा भेद देयकावरच छापलेला असतो, तरी आपण शेवटचा आकडा तेवढा पाहतो.

महापालिकेच्या स्वतःच्या हातात आता मालमत्ता कराइतका मोठा दुसरा कर उरलेला नाही. जकात गेली, 2013 साली तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून त्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्य सरकार दरमहा अनुदानाने करते. नगरविकास विभागाचा दंडक असा की महापालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार आणि निवृत्तिवेतन, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत असला पाहिजे. तो त्यापलीकडे गेला की नवी भरती अडते. शासन विशेष बाब म्हणून सूट देऊ शकते, परंतु ती मागावी लागते आणि तिची वाट पाहावी लागते. आता हा दंडक आणि आपली तीन निवेदने शेजारी ठेवून पाहावीत. मालमत्ता कराची थकबाकी वाढली की उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की तोच पगारखर्च 35 टक्क्यांची रेषा ओलांडतो, आणि सेवानिवृत्त झालेल्या परिचारिकेची किंवा शिक्षकाची जागा भरण्याचा प्रस्ताव फेटाळला जातो. दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीचे एक कारण अशा रीतीने कराच्या वहीत सापडते.

म्हणूनच ‘सेवा नाही तर कर नाही’ ही घोषणा मला पटत नाही, तिच्यामागचा संताप समजत असूनही. थकीत करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, आणि मग वसुली वाढावी म्हणून त्या शास्तीत मोठी सूट देणाऱ्या अभय योजना येतात. ज्याने पोट मारून वेळेवर कर भरला त्या निवृत्त कर्मचाऱ्याला किंवा पानठेलेवाल्याला तिचा काडीचाही उपयोग नसतो. मोठ्या थकबाकीदारांत कोण आहे, कुणाच्या मालमत्तेची जप्ती होते आणि कुणाची होत नाही, हे विचारणारे निवेदन माझ्या मते करमाफीच्या शंभर निवेदनांपेक्षा मोलाचे आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 मध्ये माफ झाला, तेव्हापासून तशीच माफी नागपूरला द्यावी ही मागणी अधूनमधून होत असते. लहान घरात राहणाऱ्यांना दिलासा मिळावा याबद्दल माझा विरोध नाही. पण ज्या निवेदनात ही मागणी असेल त्यातच पुढच्या ओळीत लिहिलेले असावे की घटलेले उत्पन्न राज्याने अनुदानातून भरून द्यावे की मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवरून वसूल करावे. ती ओळ नसेल तर त्या माफीची किंमत त्याच लहान घरातली मुले मनपा शाळेत मोजतील.

आरोग्याच्या बाबतीत तर निवेदन कुणाच्या दारात न्यायचे हाच पहिला प्रश्न आहे, आणि त्यात नागपूरचा माणूस हमखास चुकतो, कारण व्यवस्थाच तशी गुंतागुंतीची आहे. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आणि मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, ही दोन्ही मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. डागा स्मृती स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. वस्त्यांमधले दवाखाने आणि नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे महापालिकेची, त्यातले बरेच मनुष्यबळ राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटावर. मिहानमधले एम्स केंद्राचे. चार दारे, चार अंदाजपत्रके, चार वेगळे मंत्री किंवा पदाधिकारी. याचा परिणाम केवळ कागदोपत्री नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू केले तेव्हा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. त्यामुळे डागात जे शुल्क माफ झाले ते मेडिकलमध्येही त्याच निर्णयाने माफ झाले अशी समजूत करून घेणाऱ्या रुग्णाची तिथल्या खिडकीशी निराशा होणार हे उघड होते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतूनच काय, छिंदवाडा आणि बालाघाटहूनही रुग्ण मेडिकलला येतात. त्यांना विभागांच्या हद्दी ठाऊक असाव्यात ही अपेक्षाच अन्यायाची आहे, पण त्यांच्या वतीने निवेदन देणाऱ्या पुढाऱ्याला त्या ठाऊक नसतील तर ते अक्षम्य आहे.

सरकारी रुग्णालयाच्या औषध खिडकीपाशी अर्धा तास उभे राहिले तरी निवेदन कसे लिहावे ते कळते. डॉक्टरने चिठ्ठीवर पाच औषधे लिहिलेली असतात. आतला औषधनिर्माता दोन देतो, उरलेल्या तिन्हींपुढे पेनाने खूण करतो आणि ‘हे बाहेरून घ्या’ म्हणतो. रुग्णाची आई ती चिठ्ठी घेऊन रस्ता ओलांडून मेडिकल स्टोअरमध्ये जाते, किंमत विचारते आणि तीनपैकी एकच घेऊन परतते. या चित्रावरून आपले पुढारी जे निवेदन लिहितात त्यात असते ‘औषधांचा तुटवडा तातडीने दूर करण्यात यावा’. या वाक्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ याखेरीज दुसरे उत्तरच संभवत नाही. त्याऐवजी ती तीन नावे लिहावीत. त्यांची मागणी रुग्णालयाने कोणत्या तारखेला नोंदवली, पूर्वी हाफकिन महामंडळाकडे असलेली आणि 2023 च्या कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाकडे आलेली खरेदी त्या औषधांसाठी कुठवर आली, आणि पुरवठा होईपर्यंत स्थानिक खरेदीसाठी रुग्णालयाजवळ किती निधी शिल्लक आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. माहितीच्या अधिकारात 30 दिवसांत यातले बरेच मिळू शकते. ते आधी मिळवून, निवेदनाला जोडून, स्थानिक आमदाराने त्यावर तारांकित प्रश्न विचारावा अशी मागणी करावी. मग मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि तिथे दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

आमदार निधीबद्दल इथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. राज्यात प्रत्येक आमदाराला 2022 पासून वर्षाला 5 कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी मिळतो. आपली निवेदने बहुतांशी त्या निधीकडे डोळे लावून लिहिलेली असतात, म्हणून वस्तीत गट्टू बसतात, समाजभवन उभे राहते, ओपन जिमची यंत्रे गंजतात. हा निधी बांधकामासारख्या कायमस्वरूपी कामांसाठी आहे. त्यातून परिचारिकेचा पगार देता येत नाही. दवाखान्याची इमारत त्यातून बांधता येते, तिच्यात बसणारा डॉक्टर आणता येत नाही. त्यासाठी पदनिर्मिती लागते, आकृतिबंधाला, म्हणजे कार्यालयातल्या पदांच्या आराखड्याला, मंजुरी लागते, वित्त विभागाची संमती लागते, आणि या गोष्टींना फीत कापण्याचा समारंभ नसतो. आकृतिबंध मंजूर झाला म्हणून कुणाचा फलक चौकात लागलेला मी पाहिलेला नाही. जे मागितले जात नाही त्याचे श्रेय मिळत नाही, आणि ज्याचे श्रेय मिळत नाही ते दिले जात नाही. हे चक्र आपल्या बाजूने तोडता येईल, जर आपण इमारतीऐवजी माणसे मागू लागलो.

शाळांच्या बाबतीत कायदा नागरिकाच्या बाजूने अधिक ठाम उभा आहे, आणि तरीही आपण तो वापरत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात असे आहे. ही समिती शाळा विकास आराखडा करते, आणि सरकारने किंवा महापालिकेने त्या शाळेसाठी करायच्या योजना व अनुदाने याच आराखड्यावर आधारलेली असावीत असे कलम 22 सांगते. म्हणजे पालकांचे निवेदन इथे कायद्यानेच अंदाजपत्रकाचा पाया ठरवले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा आराखडा मुख्याध्यापक एकट्याने छापील नमुन्यात भरतात आणि पालकांच्या सह्या नंतर गोळा होतात. धुणीभांडी करून आलेल्या आईला सहीसाठी वर्गाबाहेर उभे करायचे आणि कागदात काय आहे ते सांगायचे नाही, हा तिच्या हक्काचा अपमान आहे. मनपाच्या मराठी शाळा एकामागून एक बंद पडत गेल्या तेव्हा पटसंख्येचे कारण दिले गेले. पट का घसरला, एका शिक्षकाकडे किती वर्ग होते, जवळच्या खासगी शाळेची बस दारापर्यंत येत असताना मनपा शाळेच्या मुलीला रिंग रोड ओलांडावा लागत होता का, हे प्रश्न त्या आराखड्यात असते तर उत्तर द्यावे लागले असते.

कर आणि शाळा यांचा हिशेब एकत्र मांडणारे निवेदन मराठी माणसाला नवे नाही. 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाचा गाभा तोच आहे. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या आणि त्यांना प्रशिक्षण द्या, प्रशिक्षित शिक्षकाला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, इतक्या नेमकेपणाने त्यांनी मागणी केली. त्या काळी जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे त्यांना आतून ठाऊक होते. आपल्या आजच्या निवेदनांतला ‘योग्य ती कार्यवाही करून सहकार्य करावे’ हा विनवणीचा सूर त्यात कुठेही नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. कागदाने काही होत नाही, रस्त्यावर उतरल्याखेरीज सरकार हलत नाही, असे चळवळीतले अनुभवी लोक सांगतात. 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी लागू करण्याचे दोन शासन निर्णय सरकारने 29 जूनला मागे घेतले ते 5 जुलैच्या नियोजित मोर्चाच्या आधी, हे खरेच आहे. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के राखीव प्रवेशांतून वगळणारी 9 फेब्रुवारी 2024 ची अधिसूचना रद्द झाली ती उच्च न्यायालयात, पालकांच्या निवेदनांनी नव्हे. मेडिकल-मेयोच्या दुरवस्थेवरही नागपूर खंडपीठाला वारंवार लक्ष घालावे लागले आहे. परंतु न्यायालयाच्या पायऱ्या चढणे ज्याला परवडत नाही आणि ज्याच्यामागे मोर्चाएवढी माणसे नाहीत, त्याने काय करायचे? एका वस्तीतल्या आरोग्य केंद्रासाठी लाखाचा मोर्चा निघत नसतो. आणि मोर्चाचीही किंमत नागपूरने पाहिली आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला आपल्या मागण्या ऐकून घ्यायला कुणी तरी मंत्री यावा म्हणून दिवसभर ताटकळलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे गेली, त्यांत बायका आणि मुले कितीतरी. त्यांचे स्मारक झिरो माइलजवळ आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. एक निवेदन वेळेवर ऐकून न घेतल्याचा परिणाम या शहराइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.

निवेदन ऐकण्याची सनदशीर वाट विधिमंडळाच्या नियमांत आहेच. विनंती अर्ज समिती आहे. सदस्यामार्फत सभागृहात मांडलेला विनंती अर्ज तिच्याकडे जातो, समिती संबंधित विभागाच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारू शकते आणि सभागृहाला अहवाल देते. अधिवेशनाच्या काळात नागपुरात येणाऱ्या हजारो निवेदनांपैकी किती या वाटेने जातात? मोर्चेकऱ्यांना ती आहे हे कुणी सांगतच नाही. टी-पॉइंटवर निवेदन घ्यायला येणाऱ्या आमदाराने ‘भाऊ, हे मी विनंती अर्ज म्हणून सभागृहात मांडतो, त्यावर माझी सही करतो’ एवढे म्हटले तर त्याच कागदाचे वजन बदलेल. शिवाय या अधिवेशनात दरवर्षी पुरवणी मागण्या मंजूर होतात. औषधांसाठी, रिक्त पदांसाठी त्याच वर्षात जादा तरतूद मागण्याची ती वेळ असते, आणि मार्चच्या अंदाजपत्रकासाठी विभागांची जुळवाजुळवही याच सुमारास चाललेली असते. मागणी अंदाजपत्रकातल्या नेमक्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या नेमक्या सदराखाली, करण्यासाठी याहून चांगला काळ नाही.

महापालिकेत ही वाट तेवढी बांधलेली नाही. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यानंतर जवळपास चार वर्षे प्रशासकाचे राज्य होते. त्या काळात कर आकारणी चालू होती, दवाखाने आणि शाळांबद्दलचे निर्णय होत होते, फक्त ते ज्याने घेतले त्याला मतदाराची भीती नव्हती. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 151 जणांचे सभागृह पुन्हा बसले आहे. चार सदस्यांच्या प्रभागात एक नगरसेवक दुसऱ्याकडे आणि दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवतो हा नागपूरकरांचा अनुभव आहे, त्यामुळे कोणत्या निवेदनाचे उत्तर कोण देणार हे आधीच ठरले पाहिजे. महापालिका कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभांची तरतूद आहे. मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाच्या गरजा ठरवाव्यात ही ती कल्पना, आणि ती कागदावरच राहिली आहे.

सभागृहाने एक ठराव करावा अशी माझी मागणी आहे. दहाही झोनमध्ये आलेली निवेदने एका नोंदवहीत येतील, ज्या विषयांवर ठरावीक संख्येने सह्या असतील ती सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावीच लागतील, आणि प्रभागातल्या चार सदस्यांपैकी एकाने तीन महिन्यांच्या आत सभेत उभे राहून त्यावर काय झाले किंवा का होऊ शकत नाही ते सांगावे. नकार असेल तर नकार नोंदवावा. ‘35 टक्क्यांच्या मर्यादेमुळे ही चार पदे भरता येत नाहीत, शासनाकडे सवलतीचा प्रस्ताव अमुक तारखेला पाठवला’ असे इतिवृत्तात लिहिले गेले, तर तो कागद घेऊन तीच माणसे डिसेंबरात आमदारांना गाठू शकतील, आणि आमदारांना त्या प्रस्तावावर नगरविकास विभागाने काय केले हे सभागृहात विचारावे लागेल. आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्याआधी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरातच, प्रत्येक शाळेचा विकास आराखडा आणि प्रत्येक आरोग्य केंद्राची रिक्त पदांची यादी त्या नोंदवहीत आली पाहिजे. पालकांनी आणि वस्तीतल्या मंडळांनी ती तोपर्यंत तयार ठेवावी, आणि त्याच कागदावर आपल्या प्रभागाची मालमत्ता कराची मागणी किती, वसुली किती आणि थकबाकीदार कोण हेही विचारावे.